बिल्ला हरवला, कप्पा अडला



प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या दर्शनाला गेलात की चपला कुठे ठेवता? बाहेरच्या दुकानात, हो ना? दुकानदार चपला एका कप्प्यात सरकवतो आणि त्याच नंबरचा बिल्ला आपल्या हातात देतो. दर्शन झालं, बिल्ला दिला, चपला घेतल्या की कप्पा रिकामा. लगेच तिथं पुढच्याच्या चपला!

आता समजा, कप्पे आहेत पन्नास. एके दिवशी कुणीतरी बिल्ला हरवून अनवाणीच घरी गेला. एक कप्पा अडला. एवढ्यानं काय बिघडतं? पण रोज असा एकेक कप्पा अडत गेला तर पन्नास दिवसांनी काय होईल? मंगळवारची ही भली मोठी रांग, आणि एकही कप्पा मोकळा नाही! काही मोडलेलं नाही, तरी दुकान बंद.

कॉम्प्युटरच्या मेमरीत अगदी असंच घडतं बरं का! प्रोग्रॅम काम करताना मेमरीतले कप्पे मागून घेतो. प्रत्येक कप्प्याला नंबर असतो. तो नंबर म्हणजेच प्रोग्रॅमच्या हातातला बिल्ला. काम झाल्यावर कप्पा परत करायला हवा. तो न करताच बिल्ला हरवला, तर कप्पा कायमचा अडतो. आपण निदान ‘ती निळी चप्पल माझी’ असं सांगू शकतो. प्रोग्रॅमला तेही जमत नाही. याला म्हणतात ‘मेमरी लीक’, म्हणजे मेमरीची गळती. प्रोग्रॅम बंद केला की त्यानं अडवलेले सगळे कप्पे सुटतात. म्हणून तर रेंगाळलेला मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला की पुष्कळदा ताजातवाना होतो.

पण काही प्रोग्रॅम बंद करून चालत नाहीत. १९९२ साली लंडनच्या रुग्णवाहिका सेवेनं कुठली गाडी कुठे धाडायची हे ठरवायला नवा कॉम्प्युटर बसवला होता. ४ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर, दोनच्या सुमारास, तो मंदावला आणि मग ठप्प झाला. पुन्हा चालू करून पाहिला, उपयोग नाही. मदतीला ठेवलेला दुसरा कॉम्प्युटरही वेळेला धावून आला नाही. शेवटी कर्मचाऱ्यांनी कागदावर लिहून गाड्या पाठवल्या. चौकशीत काय निघालं? एका प्रोग्रॅमरनं सुमारे तीन आठवड्यांपूर्वी काम करताना थोडासा कोड चुकून आत राहू दिला होता. एक गाडी पाठवली की थोडी मेमरी अडायची, ती सुटायचीच नाही. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, इथं थेंबे थेंबे तळं आटलं!

पूर्वी तर मेमरी फारच थोडी असायची. आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टिफरॅक’ नावाचा कॉम्प्युटर बांधला. तो १९६० साली सुरू झाला. त्याच्या मेमरीत कप्पे होते फक्त २०४८, आणि प्रत्येकात ४० बिट. म्हणजे सगळी मिळून १० किलोबाइट! आज मराठी अक्षरं ज्या पद्धतीनं साठवतात, त्या पद्धतीनं हा लेखसुद्धा त्यात मावणं कठीण.

त्याच १९६० साली अमेरिकेत जॉन मॅकार्थी यांनी आपल्या ‘लिस्प’ भाषेबद्दलचा लेख छापला. त्यात एक झकास युक्ती होती. कप्पे परत करण्याचं काम प्रोग्रॅमरच्या आठवणीवर सोडायचंच नाही. मेमरी संपत आली की कॉम्प्युटरनंच झाडू हातात घ्यायचा! याला म्हणतात ‘गार्बेज कलेक्शन’, म्हणजे कचरा गोळा करणं.

तो कसा? पुन्हा चपलांच्या दुकानात चला. दुकानदार आधी रांगेतल्या सगळ्यांना बिल्ले दाखवायला सांगतो. ज्या नंबरचा बिल्ला दिसेल त्या कप्प्यावर खडूची खूण. एखाद्या खूण केलेल्या कप्प्यात पिशवी असेल आणि तिच्यात आणखी एक बिल्ला सापडला, तर त्या दुसऱ्या कप्प्यावरही खूण. सगळं तपासून झालं की बिनखुणेचे कप्पे रिकामे. आधी खूण, मग झाडू!

यात आणखी एक फायदा आहे. हातानं कप्पे मोकळे करताना घाई झाली तर? बिल्ला तुमच्या हातात आणि कप्प्यात भलत्याच्याच चपला! अशा चुकांनीही प्रोग्रॅम कोसळतात. ‘सी’ भाषेत हे सगळं प्रोग्रॅमरनं स्वतः सांभाळायचं असतं. १९९५ साली आलेल्या ‘जावा’सारख्या भाषांत झाडूवाला आपोआप येतो.

मग गळतीची कटकट कायमची मिटली? छे! एक तर खुणा करताना रांग थांबवावी लागते. आता हे काम थोडंथोडं, रांग चालू ठेवून करण्याच्या युक्त्या निघाल्या आहेत. दुसरी अडचण मोठी आहे. एखादा माणूस जुन्या चपला कधीच नेणार नाही, पण बिल्ला मात्र खिशात जपून ठेवतो. झाडूवाल्याला बिल्ला दिसतो, तो खूण करून पुढे जातो. ‘कुणाच्या हाती नाही’ हे यंत्राला कळतं, ‘कुणाला नको आहे’ हे कळत नाही. नको असलेला बिल्ला सोडून देणं हे शेवटी प्रोग्रॅमरच्याच डोक्याचं काम!

आता तुमची पाळी. कागदावर दहा चौकोन आखा, त्यांना नंबर द्या आणि तेच नंबर लिहून दहा चिठ्ठ्या करा. प्रत्येक चौकोनात एक मणी ठेवा आणि मित्रांना चिठ्ठ्या वाटा. ७ नंबरच्या मण्याखाली ९ ची चिठ्ठी ठेवा आणि ९ नंबरच्या मण्याखाली ७ ची. या दोन चिठ्ठ्या कुणाच्याच हातात नाहीत. सांगा पाहू, झाडू फिरला की ७ आणि ९ राहतील की जातील?

घाई करू नका. खुणा करायला सुरुवात कुठून होते, तेवढं आठवा!