विश्लेषण : जंताची गोळी मुलांना, मग कुत्र्यांना का नाही?

दर १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मिळते. आतड्यातल्या जंतांसाठी ती हवीच. पण एक जंत थेट यकृतात मुक्काम ठोकतो आणि तो येतो कुत्र्याकडून.

हा जंत कोणता?

एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस. जेमतेम काही मिलिमीटरचा हा जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून माती, पाणी, भाजीपाल्यावर येतात आणि न धुतलेल्या हातांवाटे आपल्या पोटात जातात. अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं. यकृत हा शरीराचा पहिला फिल्टर. अळी तिथेच अडकते. म्हणूनच सुमारे ७० टक्के गाठी यकृतात सापडतात.

यकृताचं काय होतं?

अळीभोवती पाण्याची गाठ तयार होते. यालाच हायडॅटिड म्हणतात. या जंताला मेदाम्लं आणि कोलेस्टेरॉल स्वतः बनवता येत नाही, हे २०१३ मध्ये त्याच्या जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट झालं. मग तो हा माल आपल्याच शरीरातून आयता उचलतो. अनेक वर्षं काहीच जाणवत नाही. मोठी गाठ पित्तनलिका दाबते, कावीळ होते. गाठ फुटली तर तीव्र ॲलर्जीने जीवही जाऊ शकतो.

एका गोळीने भागतं?

नाही. अल्बेंडाझोल इथेही वापरतात, पण काही महिने. अनेकांना शस्त्रक्रिया लागते.

मग उपाय काय?

मेंढी-बकरीच्या यकृतातही अशाच गाठी होतात. अशी कलेजी खाऊन माणसाला हायडॅटिड होत नाही. पण खराब म्हणून ती कुत्र्यापुढे टाकली की त्याच्या पोटात नवे जंत तयार होतात आणि चक्र पुन्हा फिरतं. न्यूझीलंडने कुत्र्यांना नियमित जंतनाशक दिलं, कच्चे अवयव खाऊ घालणं बंद केलं आणि २००२ मध्ये हा देश हायडॅटिडमुक्त जाहीर झाला.

आपल्याकडे भटक्या कुत्र्यांवरची चर्चा चावा आणि रेबीजपाशीच थांबते. नसबंदीसाठी पकडलेल्या कुत्र्याला प्राझिक्वांटेलही द्यावं. मात्र त्याचा परिणाम टिकत नाही, डोस पुन्हा पुन्हा लागतो. म्हणून खरी सुरुवात मटणाच्या दुकानामागच्या उघड्या ढिगापासून व्हायला हवी. तो ढीग रोज उचलणं हे पालिकेचं काम आहे. पाळीव कुत्र्याला वेळेवर जंताचं औषध देणं आणि जेवणाआधी हात धुणं, हे आपलं.