म्हाताऱ्यांची जत्रा

दर आठवड्याला या जागी मी आमच्या घरातल्या आणि फार तर गल्लीतल्या गोष्टी लिहितो. दिवाळी अंकात जागा जरा ऐसपैस मिळते, म्हणून या वेळी वाचकांना थेट कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात नेणार आहे. घाबरू नका, फराळाच्या वेळेपर्यंत परत आणून सोडीन.

गोष्ट २०१६ च्या ऑक्टोबरातली. मी लॉस एंजलिसला दादाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे गेलो होतो. दादा तेव्हा शहात्तर वर्षांचा, मी एकाहत्तरचा. पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने माझ्यापुढे तिकिटे टाकली.

"शुक्रवार, शनिवार, रविवार. बॉब डिलन, रोलिंग स्टोन्स, नील यंग, बीटल्समधला पॉल मॅकार्टनी, द हू, पिंक फ्लॉइडचा रॉजर वॉटर्स. सगळे एकाच मैदानावर, बाळू!"

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "सत्तरीचे गाणार आणि सत्तरीचेच ऐकणार. भावजी, गुडघ्याचं तेल तेवढं बरोबर न्या."

तीन दिवसांचे साधे तिकीट ३९९ डॉलरचे होते. खुर्ची हवी असेल तर भाव कुठल्या कुठे जात होता. दादाने खुर्च्या घेतल्या होत्या. त्याला किती पडले, हे त्याने वहिनींना सांगितले नव्हते. मला सांगितले, आणि मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

पुतण्याने गाडी हाकली. शहर सोडून पूर्वेला दोनशे किलोमीटरच्या आसपास गेले की इंडिओ नावाचे गाव लागते. वाटेत एका खिंडीत पवनचक्क्यांचे रान माजले आहे. ते ओलांडले की वाळवंट, आणि वाळवंटात खजुराच्या बागा. तिथल्या पोलोच्या मैदानावर दर वसंतात कोचेला नावाचा तरुणांचा मोठा संगीत-मेळा भरतो. आमच्या मेळ्याचे खरे नाव 'डेझर्ट ट्रिप'. पण कोचेलातले तरुण आणि इथले म्हातारे पाहून लोकांनी त्याचे 'ओल्डचेला' असे बारसे करून टाकले होते. एक फेरी आदल्या आठवड्यात होऊन गेली होती. आमची दुसरी, १४ ते १६ ऑक्टोबरची.

मैदानावर पाऊल टाकले आणि मला पंढरीची आठवण झाली. तीच गर्दी, तीच धूळ, तेच हात धरून चालणे. फरक एवढाच की या वारकऱ्यांच्या छातीवर बँडची नावे होती. बिअरच्या रांगेपेक्षा मुतारीची रांग लांब होती, यावरून श्रोत्यांच्या वयाचा अंदाज यावा.

पहिल्या रात्री डिलन. आदल्याच दिवशी, १३ तारखेला, त्याला साहित्याचे नोबेल जाहीर झालेले. आपल्याकडे असते तर आधी शाल-श्रीफळ, मग अध्यक्षांचे चार शब्द, मग सत्कारमूर्तींचे चाळीस शब्द, आणि उरल्या वेळात गाणे. डिलनने नोबेलविषयी चकार शब्द काढला नाही. गायला आणि निघून गेला. त्याच्यामागून आलेल्या स्टोन्सच्या मिक जॅगरनेच काय तो उल्लेख केला. हा जॅगर त्र्याहत्तर वर्षांचा, आणि रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता! मी नुसता पाहूनच दमलो. मागे पंचाहत्तरीचा चार्ली वॉट्स बँकेतल्या कारकुनासारखा शांतपणे ड्रम वाजवीत होता. तो २०२१ मध्ये गेला. बाकीचे थांबलेले नाहीत. २०२४ च्या त्यांच्या अमेरिकेतल्या दौऱ्याला तिथल्या ज्येष्ठ नागरिकांच्या संस्थेने पुरस्कृत केले होते, आता बोला!

पण मला सांगायची आहे ती शनिवारची रात्र.

पॉल मॅकार्टनी चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. त्याचा आवाज वर चढला की चिरत होता. मधल्या सुरात तो अजून गोड लागे. पण वरच्या जागी गेला की माझ्यासारख्या अडाण्यालाही कळे, की जिन्याची शेवटची पायरी जरा उंच पडते आहे. मी दादाकडे पाहिले. दादा दोन्ही कानांना यंत्रे लावतो. त्याने ती काढून खिशात टाकली होती. गाणे इतके मोठ्याने चालले होते की त्याला यंत्राची गरजच नव्हती. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत.

मला एकदम आमचे अप्पा दिसले.

१९५६ चा सुमार असेल. आम्ही गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. बालगंधर्व नाटकातून निवृत्त झालेले, पाय अधू झालेले. भजनाचे कार्यक्रम करीत. अप्पांनी ऐन तारुण्यात त्यांची नाटके पिटात बसून पाहिलेली. कार्यक्रम आहे असे कळले की अप्पा धुतलेला कोट घालून निघत. एकदा ते मला बरोबर घेऊन गेले होते. दोघांनी धरून नारायणरावांना आणून बसवले. ते गाऊ लागले. मी अकरा वर्षांचा. मला फक्त एक थकलेले म्हातारे गृहस्थ दिसत होते. अप्पांना काय दिसत होते कोण जाणे, ते उपरण्याने डोळे पुसत होते.

घरी आलो तर दादा रेडिओ सिलोनला कान लावून बसलेला. इंग्रजी गाण्यांचे वेड तेव्हापासूनचे. तो सोळा वर्षांचा. म्हणाला, "अप्पा, त्या म्हाताऱ्याचा आवाज गेला आता. पैसे देऊन काय ऐकता तुम्ही?"

अप्पांनी कोट खुंटीला लावला. बोलले काहीच नाहीत. पुढे तीन दिवस बोलले नाहीत. आणि त्यानंतर दादासमोर त्यांनी नारायणरावांचे नाव कधी काढले नाही. कार्यक्रमाला जायचे असले की "जरा जाऊन येतो" एवढेच म्हणत. दादा १९६५ मध्ये अमेरिकेला आला. अप्पा गेले तेव्हा त्याला वेळेवर पोचता आले नाही.

नारायणराव त्या रात्री अडुसष्ट वर्षांचे होते. म्हणजे या पॉलपेक्षा सहा वर्षांनी लहान.

मी हे दादाला बोललो नाही. भावाभावांत काही गोष्टी बोलायच्या नसतात, विशेषतः तिकीट त्याने काढलेले असताना. तेवढ्यात पॉलने रिहाना नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या गायिकेला रंगमंचावर आणले. आमच्या आजूबाजूचे सगळे आजोबा एकमेकांना "ही कोण?" म्हणून विचारू लागले, आणि विषय तिथेच राहिला.

आपल्या ख्यालगायकाला साठीनंतर पिकला म्हणतात. रॉकची गोष्ट उलटी. ते विशीतल्या पोरांनी वडीलधाऱ्यांवर चिडून गायलेले गाणे. द हू या बँडने १९६५ मध्ये एक गाणे केले, त्यात म्हातारे होण्याआधी मरण येवो अशी इच्छा आहे. रविवारी तेच गाणे बहात्तरीचा रॉजर डाल्ट्री गायला, आणि ते लिहिणारा एकाहत्तरीचा पीट टाउनशेंड शेजारी गिटार बडवीत होता. चौघांपैकी दोघे आधीच गेलेले. ड्रमवाला कीथ मून १९७८ मध्ये, अवघा बत्तीस वर्षांचा. मी हसायला तोंड उघडले, तर दादा ते गाणे मोठमोठ्याने म्हणत होता. मी तोंड मिटले.

शेवटी शेवटी त्यांनी 'बाबा ओ'रायली' म्हटले. यातले बाबा म्हणजे आपले मेहेरबाबा, जन्म पुण्याचा, आश्रम नगरजवळ मेहेराबादला. टाउनशेंड त्यांचा भक्त. हे मी दादाला सांगितले. गेली पंचेचाळीस वर्षे तो ते गाणे ऐकत होता, पण हे त्याला ठाऊक नव्हते.

"नगरचे?" तो म्हणाला. मग बराच वेळ गप्प बसला.

सोमवारी सकाळी परत निघालो. पुतण्या गाडी चालवीत होता, आम्ही दोघे मागे. पवनचक्क्या दिसू लागल्या तेव्हा दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "अप्पा तीन दिवस बोलले नव्हते, नाही?"

"तीन दिवस," मी म्हटले.

"ते दाढी करताना कुठलं पद गुणगुणायचे रे? 'स्वयंवरा'तलं होतं ना?"

"हो. पण माझा गळा तुला माहीत आहे."

दादाने खिशात हात घातला, दोन्ही यंत्रे काढली, एकेक करून कानात नीट बसवली आणि माझ्याकडे सरकून बसला.

"हं," तो म्हणाला. "म्हण."