आधी जमिनीवर शोधा, मग आकाशाकडे बघा

ज्या गावात फोनला रेंज मिळवायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, त्या गावातल्या माणसाला उपग्रहाच्या इंटरनेटची बातमी वाचून आशा वाटणारच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपली मुलं डोंगरमाथ्यावर बसून ऑनलाइन तास ऐकत होती. पीक विम्याचा अर्ज, सातबारा, बँकेचं केवायसी, परीक्षेचा फॉर्म ही सगळी कामं आता नेटवर होतात. वाडीत नेट नसेल तर यातल्या एकेका कामासाठी तालुक्याला जाण्यात दिवस मोडतो, त्या दिवसाची मजुरीही बुडते. म्हणूनच उपग्रहाचं इंटरनेट पकडणाऱ्या या नव्या छत्रीबद्दल सगळं नीट समजून घ्या आणि त्यानंतरच पैसे मोजा, एवढ्या कळकळीपोटी हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट परवान्याची. घरोघरी उपग्रहाचं इंटरनेट देऊ पाहणाऱ्या स्टारलिंकला जून २०२५ मध्ये भारताचा परवाना मिळाला. युटेलसॅट वनवेब आणि जिओ-एसईएस या कंपन्यांकडे तो आधीपासून होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम या जिल्ह्यांतल्या शाळा, आरोग्य केंद्रं आणि सरकारी कार्यालयांपासून सुरुवात करायची, असं त्यात ठरलं. पण परवाना मिळाला म्हणजे सेवा चालू झाली, असं होत नाही. रेडिओलहरींचं वाटप, सुरक्षेच्या चाचण्या, जमिनीवरची केंद्रं असे टप्पे त्यानंतर येतात. २०२५ संपेपर्यंत स्टारलिंकची घरगुती जोडणी आपल्याकडे कुणालाही कायदेशीरपणे मिळत नव्हती.

त्यामुळे कुणी एजंट दारात येऊन 'आत्ता पाच हजार भरा, पहिल्या यादीत नाव घालतो' म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका. खुद्द स्टारलिंकने २०२१ मध्ये परवाना हाती नसताना भारतीयांकडून ९९ डॉलर, म्हणजे सात हजार रुपयांच्या पुढे, आगाऊ रक्कम घेतली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दूरसंचार विभागाने लोकांना जाहीर सावध केलं आणि कंपनीला ते पैसे परत करावे लागले. ती कंपनी खरी होती, म्हणून पैसे परत मिळाले. पावतीशिवाय गावात फिरणारा माणूस परत येत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये महिना ८,६०० रुपये आणि यंत्रासाठी ३४,००० रुपये असे दर कंपनीच्या भारतातल्या संकेतस्थळावर दिसले, वर्तमानपत्रांत छापूनही आले. ते चुकून दिसलेले चाचणीचे आकडे होते, खरे दर नव्हेत, असा खुलासा कंपनीला लगोलग करावा लागला. मोबाइलवर फिरत आलेल्या दरांवर विसंबून घरखर्चाचा हिशोब मांडू नका. परदेशातल्या नातेवाइकाकडून छत्री मागवायचाही विचार सोडा. विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगणं आपल्या कायद्याने गुन्हा आहे.

आता ही छत्री काम कशी करते ते बघू, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर ठरतो. टीव्हीची जी डिश आपण वीस वर्षं बघतो आहोत ती एकाच उपग्रहाकडे तोंड करून स्थिर असते. तो उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून आपल्याला जागच्या जागी भासतो. टीव्हीसाठी ही सोय उत्तम आहे, कारण कार्यक्रम वरून खाली येतो आणि आपल्याला उलट काहीच पाठवायचं नसतं. इंटरनेटचं तसं नाही. तुम्ही बोट लावलं की तुमची मागणी वर जाते, तिथून खाली कंपनीच्या केंद्रात येते आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. म्हणजे जवळपास दीड लाख किलोमीटरचा प्रवास होतो. प्रकाशाच्या वेगानेही त्याला अर्धा सेकंद लागतो, प्रत्यक्षात थोडा जास्तच. अर्ज भरायला, बातम्या वाचायला याने काही अडत नाही. पण व्हिडिओ कॉलवर डॉक्टर विचारतात आणि आपलं उत्तर पोचायच्या आत पुढचा प्रश्न सुरू करतात, तेव्हा तो अर्धा सेकंद जाणवतो. असं इंटरनेट इस्रोच्या उपग्रहांवरून भारतात बरीच वर्षं मिळतं आहे. बँका, पेट्रोल पंप आणि दुर्गम भागातल्या काही ग्रामपंचायती ते वापरतात.

नव्या कंपन्यांचे उपग्रह खूप खालून फिरतात. स्टारलिंकचे साधारण ५५० किलोमीटरवर आहेत, वनवेबचे १,२०० वर. त्यामुळे उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत येतं आणि बोलणं अडखळत नाही. मात्र खालून फिरणारा उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो, लगेच दुसऱ्याला पकडावं लागतं. म्हणून असे शेकडो, हजारो उपग्रह लागतात, आणि आपल्या छत्रीला आकाशाचा मोठा मोकळा तुकडा दिसावा लागतो. टीव्हीच्या डिशला माडांच्या दोन झावळ्यांमधली एक फट पुरते, या छत्रीला पुरत नाही. कोकणात घराभोवती माड, फणस, आंबा दाटलेला असतो. सह्याद्रीच्या घळीतल्या वाडीला दोन्ही बाजूंनी डोंगर असतो. अशा ठिकाणी दर काही मिनिटांनी नेट तुटेल. छत्री घ्यायच्या आधी घराच्या पत्र्यावर किंवा गच्चीवर उभं राहून चहूबाजूंना नजर टाका. फांद्या तोडल्याशिवाय आकाश दिसत नसेल तर छत्री खळ्यात किंवा शेताच्या बांधावर खांब रोवून बसवता येईल का, तिथून वायर घरात किती लांबून आणावी लागेल, हे आधीच मोजून ठेवा.

पावसाचा अनुभव तुम्हाला आहेच. मुसळधार सर आली की टीव्हीवर चित्र फुटतं आणि 'सिग्नल नाही' अशी पाटी येते. घरगुती उपग्रह सेवेच्या लहरींची लांबी फार तर दोन-तीन सेंटीमीटर असते, मोठे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. नव्या छत्र्या हवामानाशी जास्त जुळवून घेतात, तरी आषाढातल्या ढगफुटीपुढे त्यांचाही इलाज चालत नाही. सर ओसरली की नेट परत येतं. मुलांची ऑनलाइन परीक्षा जुलैत असेल तर एवढं ध्यानात ठेवा आणि दुसरी सोय हाताशी असू द्या.

पण खेड्यात खरी अडचण पावसापेक्षा विजेची होते, आणि विक्रेते नेमकं तेच सांगत नाहीत. टीव्हीच्या डिशला स्वतःची वीज जवळजवळ लागतच नाही. इंटरनेटची छत्री वर संदेश पाठवते, त्यामुळे ती वीज खाते. घरगुती छत्रीला साधारण ७५ वॅट धरले आणि ती दिवसरात्र चालू ठेवली तर रोज पावणेदोन युनिट, महिन्याला पन्नासच्या वर युनिट जातात. दोन बल्ब, पंखा आणि टीव्ही एवढंच वापरणाऱ्या घराचं वीजबिल याने झटकन वरच्या टप्प्यात जाऊ शकतं. रात्री बंद करायची सवय लावली तर बरंच वाचतं. लाइट गेली की नेटही गेलं. इन्व्हर्टरच्या चांगल्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर एकटी छत्री पंधरा-सोळा तास निघेल, पण त्याच बॅटरीवर पंखे लावलेत तर नाही. ज्या पाड्यांवर लाइट दोन-दोन दिवस येत नाही तिथे सोलर पॅनेलचा खर्च छत्रीच्या किमतीतच धरा. वळवाच्या दिवसांत विजा चमकू लागल्या की प्लग काढून ठेवा, खांबाला अर्थिंग करून घ्या. वानरांचा वावर असेल तर वायर पाइपातूनच न्या.

आता जमिनीकडे बघा. मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते हेच. तुमच्या गावात फायबर कदाचित येऊन पडलेली असेल आणि तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या केंद्राच्या भारतनेट योजनेचं काम २०११ पासून चालू आहे. महाराष्ट्रात महानेट योजनेखालीही केबल टाकली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने भारतनेटच्या सुधारित टप्प्याला १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर केले. ग्रामपंचायतीत जा, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारा: केबल कार्यालयापर्यंत आली आहे का, तिच्या टोकाची पेटी चालू आहे का, तिथून घरगुती जोडणी देणारा कुणी नेमला आहे का? पुष्कळ ठिकाणी केबल येते, पण पेटीचा लाइट कधीच लागलेला नसतो किंवा रस्त्याच्या कामात केबल तुटून तशीच पडलेली असते. तिची दुरुस्ती करून घेतली तर महिन्याला चारशे-पाचशे रुपयांत घरी नेट येईल. ते छत्रीपेक्षा स्वस्त असेल, आषाढातही टिकेल आणि त्याच्या राउटरला लागणारी वीज नगण्य असेल.

फायबर नसेल तर टॉवर शोधा. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या २४,६८० रेंज नसलेल्या गावांत ४जी पोचवायचं काम बीएसएनएलकडे दिलं. तुमचं गाव त्यात आहे का, हे तहसील कार्यालयात विचारता येतं. घरात रेंज नाही पण गच्चीवर एक कांडी दिसते, अशी घरं तर हजारो आहेत. त्यांनी सिमकार्ड बसणारा राउटर आणि उंच बांबूवर बाहेरचा अँटेना लावून बघावा. काही हजारांत काम होतं. आधी गावातल्या वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं मागून घ्या आणि कोणत्या सिमची कांडी कुठे लागते ते पाहा.

हे सगळं करूनही काही मिळालं नाही, तर छत्री तुमच्यासाठीच आहे. अक्राणीतल्या नर्मदाकाठच्या पाड्यावर केबल न्यायची तर डोंगर फोडावे लागतील. भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर आला की रस्ता बंद होतो, आणि खाली कुठे केबल तुटली तर ती जोडायलाही माणूस जाऊ शकत नाही. अशा ठिकाणच्या आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला जिल्ह्याच्या डॉक्टरशी बोलता येणं ही चैन नाही. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा खांब आणि टॉवर कोसळले आणि कितीतरी गावांचा बाहेरच्या जगाशी संपर्कच राहिला नाही. गावात एक छत्री आणि तिच्यापुरतं सोलर असतं तर आपली माणसं जिवंत आहेत एवढं तरी मुंबईतल्या लेकरांना कळलं असतं. फक्त वादळाचा इशारा मिळताच छत्री उतरवून घरात ठेवायला हवी. पत्रे उडतात तिथे छत्री टिकत नाही.

आकाशातली जागाही अमर्याद नाही, हे शहराजवळच्या मंडळींनी लक्षात घ्यावं. एका भागावर उपग्रहाची जेवढी क्षमता असते ती तिथल्या सगळ्या ग्राहकांत वाटली जाते. जुलै २०२५ मध्ये दूरसंचार राज्यमंत्र्यांनी सांगितलं होतं की स्टारलिंकला संपूर्ण भारतात २० लाखच ग्राहक घेता येतील. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा थोडा आहे. ज्याच्या दारावरून फायबर जाते त्याने हौसेने छत्री लावली तर कुणा पाड्यावरच्या शाळेची जागा जाईल. तुम्हाला फायबर मिळत असेल तर ती जागा त्यांच्यासाठी सोडा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

टीव्हीसाठी मात्र नव्या छत्रीच्या मागे लागूच नका. एचडी चित्र नेटवरून बघितलं तर तासाला साधारण तीन जीबी जातात. रोज चार तास मालिका आणि क्रिकेट म्हणजे महिन्याला ३६० जीबी. डेटाला मर्यादा असलेल्या प्लॅनमध्ये पंधरा तारखेलाच वेग बसेल आणि मुलाचा अर्ज अडकेल. टीव्हीची जुनी डिश हे काम कसलाही डेटा न खाता करते. डीडी फ्री डिश डिसेंबर २००४ पासून चालू आहे. एकदा छत्री आणि सेट टॉप बॉक्स घेतला की महिन्याचा एक रुपयाही लागत नाही. सह्याद्री वाहिनी त्यावर आहे, पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्याही आहेत. २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्रीवरच्या 'टिलीमिली' मालिकेने पहिली ते आठवीच्या मुलांना इंटरनेटशिवाय शिकवलं होतं, ते या जुन्या छत्रीच्याच जोरावर. डिश हलली असेल तर मेकॅनिक बोलवा, आग्नेयेकडे तोंड करून ती पुन्हा जुळवून घ्या आणि टीव्ही तिच्यावरच ठेवा.

घरी नेट आल्यावर रेंज नसलेल्या ठिकाणी फोनमधलं वायफाय कॉलिंग चालू करा, म्हणजे साध्या सिमवरूनही बोलता येतं. बँकेचा ओटीपी त्यावरून येतो का, हे आपल्या सिमवर आधी पाहून घ्या, कारण बरीच कामं तिथेच अडतात.

शेवटचं मागणं ग्रामसभेकडे. एका घराला न परवडणारी छत्री गावाला परवडू शकते. वनवेबसारख्या कंपनीचा भर तसाही संस्थांना जोडण्यावर आहे. शाळा, उपकेंद्र किंवा पंचायत कार्यालय यांपैकी एका ठिकाणी जोडणी घेऊन वायफाय गावाला देता येतं. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारालाही असं वायफाय विकायची मुभा आहे. मात्र घरगुती प्लॅनवर नेट विकायला कंपन्या सहसा परवानगी देत नाहीत, म्हणून संस्थेसाठीचा प्लॅन कोणता ते लेखी विचारा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरवायची प्रथा आहे. यातली जी जवळ असेल तिच्या आधी अर्ज द्या. अर्जात भारतनेटच्या पेटीची आजची अवस्था लिहा, कोणत्या वाडीत कोणत्या सिमला रेंज नाही ते लिहा, शाळेत आणि उपकेंद्रात दिवसाचे किती तास लाइट असते ते लिहा, आणि त्याची पोच शिक्क्यासह घ्या.