‘क्वान’ : चित्रात न सापडणारा अर्थ

चिनी लिपीतील चिन्ह म्हणजे चित्र आणि त्या चित्रातच शब्दाचा अर्थ साठवलेला, या समजाला अर्नेस्ट फेनोलोसा यांच्या निबंधाने वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली. एझरा पाउंड यांनी तो १९१९ साली प्रसिद्ध केला. ‘क्वान’ म्हणजे लक्षपूर्वक पाहणे. या क्रियापदाच्या चिन्हात एक पक्षी आहे आणि एक डोळा आहे. तेव्हा उंचावरून न्याहाळणारा पक्षी हाच त्याचा मूलार्थ, आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची खाली झुकलेली दृष्टी हा त्याचाच आविष्कार, असे म्हणणे मोहक आहे. टिकणारे मात्र नाही.

या चिन्हातील पक्षी पाहत नाही. तो केवळ उच्चार सुचवतो. इ.स. १०० च्या सुमारास शू शेन या कोशकाराने एक घटक अर्थाचा व दुसरा ध्वनीचा, असा निर्वाळा देऊन ठेवला आहे. बहुसंख्य चिनी चिन्हे याच रीतीने घडली आहेत. चिन्हाची घडण हा लेखनाचा इतिहास होय. अर्थाचा इतिहास वापरातच शोधावा लागतो.

बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरकारांनी ‘विपश्यने’साठी हेच क्रियापद योजले आणि बोधिसत्त्वाच्या नावातील ‘अवलोकित’साठीही. इ.स. ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्र चिनी भाषेत आणताना कुमारजीवाने ‘जगाचा आवाज पाहणारा’ अशा अर्थाचे नाव स्वीकारले. सातव्या शतकात महाराष्ट्राचे आणि अजिंठ्याशी जुळणाऱ्या विहाराचे वर्णन लिहिणाऱ्या ह्युएनत्संगाने ते चूक ठरवले. उत्तरपद ‘स्वर’ नसून ‘ईश्वर’ आहे, अशी त्याची भूमिका. पण मध्य आशियात सापडलेल्या जुन्या हस्तलिखितांत ‘अवलोकितस्वर’ हेच रूप आढळले. कुमारजीवाचा ‘आवाज’ मूळ संहितेच्या एका पाठातच होता.

अजिंठ्याच्या चौथ्या लेण्यात अष्टमहाभयांतून तारणारा अवलोकितेश्वर कोरला आहे. त्याच्या दोन्ही अंगांना संकटात सापडलेली माणसे त्याचा धावा करीत आहेत. तेथे पाहणे म्हणजे हाकेची दखल घेणे. पक्ष्याच्या दृष्टीलाच मूलार्थ मानले की ही माणसे अर्थातून बाद होतात. वाट, नाडी आणि चवही ‘पाहणाऱ्या’ मराठीला हे परके वाटू नये. चिन्हाची फोड करून अर्थ सिद्ध झाल्याचे समाधान मानणारी समीक्षा शब्द वाचत नाही. ती लिपीकडे टक लावून बसते.