खेळ संपल्यानंतरचा खेळ

देहूरोडच्या फलाटावर लोकलची वाट पाहतांना आम्हां विद्यार्थ्यांच्या हातीं बहुधा मोबाइलवरील खेळ असतो. मोबाइल बाजूस ठेविला म्हणजे खेळ संपला, असें आम्ही समजतों. परंतु परीक्षेच्या आदल्या रात्रीं डोळे मिटून पाठ केलेली कविता आठवावी, तों तेच ठोकळे पुन्हां पडूं लागतात!

'टेट्रिस' हा ठोकळे रचण्याचा खेळ पाजितनोव्ह यांनीं १९८४ सालीं मॉस्को येथें निर्माण केला. पुढें २००० सालीं हार्वर्डचे स्टिकगोल्ड यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. २७ जण तीन दिवस तो खेळ खेळले. पैकीं १७ जणांस झोंप लागतांना ठोकळे दिसले. त्यांत स्मृति गमावलेले तिघे होते. खेळल्याचें त्यांस आठवत नव्हतें, ठोकळे मात्र दिसत होते. हात जें वारंवार करितात, तें मन आपणांस न विचारतां गिरवीत राहतें, हेंच यावरून दिसतें.

तुकोबांचें देहू येथून जवळच आहे. पुन्हां पुन्हां घोकण्यासाठीं त्यांनीं नाम निवडिलें. खेळ वर्ज्य करावा, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु निजण्यापूर्वींची घटका कशास द्यावयाची, हें ज्याचें त्यानें ठरवावें. दिवा मालवल्यावर निवड आपल्या हातीं राहत नाहीं.