तुळशीला कोणते पाणी?

हल्ली घरोघरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर आर. ओ.चे यंत्र असते, आणि त्या यंत्रामुळे कुंड्यांपाशी तीन पंथ तयार झाले आहेत. पहिला पंथ म्हणतो, जे पाणी आपण पितो तेच तुळशीला घालावे, तीही घरातलीच. दुसरा म्हणतो, यंत्राच्या बारीक नळीतून बाहेर पडणारे पाणी वायाच जाते, ते झाडांना घाला. तिसरा त्या नळीतल्या पाण्याला विष समजून सरळ मोरीत सोडून देतो.

मला विचाराल तर तिन्ही पंथ एक प्रश्न विचारायला विसरतात. यंत्रात शिरणारे पाणी आले कुठून?

मी काही शास्त्राचा शिक्षक नव्हे. बी. ए. झालो आणि आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवला. पण हा हिशोब पाचवीच्या गणिताचा आहे. आर. ओ. यंत्र क्षार नाहीसे करत नाही. दाबाखाली पाणी पडद्यातून ढकलते, क्षार अलीकडे अडकतात आणि उरलेल्या पाण्याबरोबर नळीतून बाहेर जातात. समजा चार लिटर पाणी आत गेले, एक लिटर पिण्याचे मिळाले आणि तीन लिटर नळीतून गेले. म्हणजे चार लिटरमधले जवळजवळ सगळे क्षार आता तीन लिटरमध्ये आले. मूळ पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम क्षार असतील तर नळीतल्या पाण्यात साधारण १३३ होतील. मूळचे १५०० असतील तर २००० होतील.

आता संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेची सिंचनाच्या पाण्याची प्रतवारी पाहा. लिटरला ४५० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेले पाणी पिकांना निर्धोक. २००० च्या वर गेले की अडचण गंभीर. म्हणजे यंत्र एकच, नळी एकच, पण एका घरातले टाकाऊ पाणी झाडांना खुशाल घालावे असे आणि दुसऱ्या घरातले झाडांच्या मुळावर येणारे.

सह्याद्रीच्या पावसाने भरलेल्या धरणांचे पाणी मुळात मऊ असते. ज्यांच्या नळाला ते येते, त्यांनी नळीखाली बादली लावावी आणि निर्धास्तपणे झाडांना घालावे. उलट पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत, खारपाणपट्टा आहे. तिथे जमिनीखालचे पाणीच खारे. तिथल्या माणसाला आर. ओ. ही चैन नाही, गरज आहे. पण त्याच्या यंत्रातून निघणारे पाणी कुंडीत घालणे म्हणजे झाडाला मिठाचे पाणी पाजणे. ते फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरावे. शहरात बोअरचे किंवा टँकरचे पाणी घेणाऱ्यांनीही आधी मोजून पाहावे. पेनासारखा टीडीएस मीटर यंत्र दुरुस्त करायला येणाऱ्या मुलाच्या खिशात असतोच. त्याला नळाचे आणि नळीचे, दोन्ही पाणी मोजायला सांगावे. पाऊणशे वर्षांच्या माणसालाही तो आकडा वाचता येतो.

कुंडीचा धोका शेतापेक्षा जास्त का, हेही सांगतो. झाड पाणी शोषते, पानांतून ते उडून जाते, क्षार मात्र बहुतांशी मातीत राहतात. सांगली-शिरोळच्या बाजूला उसाला वर्षानुवर्षे वारेमाप पाणी दिल्याने चांगल्या काळ्या जमिनी क्षारपड झाल्या, हे आम्ही भूगोलात शिकवत असू. बाल्कनीतली कुंडी म्हणजे तळहाताएवढे शिरोळच. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरला, पानांची टोके करपली, की समजावे. घेवडा, गुलाब यांना क्षार लवकर बाधतात, बोगनवेल बरेच सोसते. उपाय साधा आहे. पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवाव्यात. पाऊस माती धुऊन देतो, आणि त्याचे बिल येत नाही.

राहिला पहिला पंथ, शुद्ध पाणी घालणारा. कीटकभक्षी झाडे हौसेने वाढवणाऱ्यांना असे बिनक्षारी पाणी खरोखरच लागते. बाकी तुळस, मोगरा, जास्वंद यांना त्याचा काही उपयोग नाही. पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम हे झाडांचे अन्न. ते काढून टाकायचे आणि मग बाजारातून खताची पुडी आणायची, हा कुठला शहाणपणा? शिवाय वरच्या हिशोबाने तुळशीच्या एका तांब्यामागे तीन तांबे पाणी नळीतून गेलेले असते. भक्ती तुळशीची आणि नासाडी पाण्याची.

खरा प्रश्न तर त्याही अलीकडचा आहे. मऊ पाण्याच्या गावात हे यंत्र हवेच कशाला? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ च्या मे महिन्यात सरकारला सांगितले होते, की जिथे पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार आहेत तिथे आर. ओ.ला बंदी घालावी. भारतीय मानकातही पिण्याच्या पाण्यातल्या क्षारांची इष्ट मर्यादा तीच, ५००. क्षार कमी असतील आणि भीती फक्त जंतूंची असेल, तर पाणी उकळून भागते. पण जाहिरातीने आपल्या मनात धरणाच्या पाण्याविषयी धास्ती घातली आणि आपण सगळ्या गावांना एकच औषध दिले.

या यंत्राचा पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि आपले श्रीनिवास सौरिराजन यांनी तयार केला. १९६५ साली कोआलिंगा या गावात पहिला प्रकल्प उभा राहिला, कारण तिथले पाणी खारे होते. ज्याला खारे पाणी गोड करायचे होते, त्याच्यासाठी ही विद्या. गोड पाणी आणखी गोड करण्यासाठी नव्हे.

तेव्हा मंडळी, बादली भरण्याआधी एकदा मोजा. आकडा साडेचारशेच्या आत असेल तर नळीचे पाणी झाडांचे. नसेल तर फरशीचे. आणि नळाचा आकडाच शंभराच्या आसपास असेल, तर भिंतीवरच्या यंत्राकडे पाहून घरात जरा चर्चा करा.