कोयता आणि पाळणा

दिवाळी उलटली की बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील कित्येक गावांत म्हातारी माणसे आणि कुलुपे एवढीच मागे उरतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या आणि पोरेबाळे भरून लाखो माणसे साखर कारखान्यांची वाट धरतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी पुणे-सोलापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात. ती परततात मार्च-एप्रिलच्या उन्हात. आम्हां शहरवासीयांस त्यांचे दर्शन घडते ते रस्ता उसाच्या गाडीने अडला म्हणून आपण चरफडतो तेवढ्यापुरतेच.

या धंद्यात माणसाची मोजणी माणूस म्हणून होत नाही, कोयता म्हणून होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. मुकादमाची उचल मिळते ती कोयत्याला, आणि ती घेतो बहुधा नवरा. बायको पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. परंतु वहीत तिचे नाव नसते. मग मुलाचे कोठून असणार? वहीत नसलेले ते मूल फडाच्या बांधावर मात्र असते. पाचटाच्या सावलीत झोळी बांधलेली असते आणि ती हलवायला आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण बसवलेली असते. त्या बहिणीची शाळा दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडली, ती तिच्यावाचूनच.

दारिद्र्यनिवारणाच्या गोष्टी बोलणाऱ्यांनी या हिशेबाचा उलगडा एकदा नीट करून पाहावा. तान्ह्याला ताप आला की आई फडावर जात नाही. त्या दिवसाचा खाडा पडतो, आणि खाड्याचा दंड उचलीतून वळता होतो. म्हणजे मुलाचा ताप बापाच्या कर्जात लिहिला जातो! हंगाम सरताना उचल फिटत नाही, बाकी अंगावर राहते, आणि पुढल्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. झोळी हलवणारी मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिला गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची आणि कोपीत तरी कशी राखायची, हा घोर आईबापांस लागतो. तिचे लग्न उरकले जाते. लग्नासाठी पुन्हा उचल. आणि लग्न झाल्याबरोबर कालचा अर्धा कोयता पुरा होतो, नव्या जोडप्यास स्वतंत्र उचल मिळते! बालविवाहाला आम्ही रूढी म्हणून नावे ठेवतो. ती रूढी आहेच. पण या पट्ट्यात ती रोकड व्यवहारही आहे. खाड्याची धास्ती किती खोल गेलेली आहे, हे २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून जे उजेडात आले, त्याने साऱ्या महाराष्ट्राला दाखवून दिले. विधिमंडळ हादरले, समितीही नेमली गेली. खाडा मात्र होता तेथेच राहिला.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ निघाले. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहे २०२१ मध्ये मंजूर झाली, आणि गावोगावी हंगामी वसतिगृहांचा उपक्रम त्यापूर्वीचाच. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ पदरात पडली. या प्रत्येक गोष्टीचे आम्ही स्वागतच करू. तथापि यांतील प्रत्येक योजना कुटुंबाचे एकेक टोक धरून ओढते. दरवाढ आईबापांसाठी, वसतिगृह शाळकरी मुलासाठी, अंगणवाडी तान्ह्यासाठी. आणि ही अंगणवाडी तर गावीच राहते, तान्हे मात्र आईच्या कडेवरून चारशे किलोमीटर दूर गेलेले असते! वाढलेला दर खाड्यांत झिरपतो. वसतिगृहातला मुलगा सुटीत कोपीवर येतो आणि मोळी उचलू लागतो. दीड वर्षाच्या पोरास वसतिगृहात ठेवता येत नाही, हे सांगायला का तज्ज्ञ हवा? आईबापांस एका खात्याने आणि पोरांस दुसऱ्या खात्याने, तेही वेगवेगळ्या जिल्ह्यांत, मदत द्यायची, हा प्रकार एक बैल गावात आणि दुसरा शेतात बांधून नांगर चालवण्यापैकी आहे.

मूल जेथे असेल तेथे शाळेने जावे, हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेमके हेच केले. बालवाडीत मुले येत नाहीत ना, मग बालवाडी त्यांच्या अंगणात गेली; मुले गुरांमागे जातात, तर शाळा कुरणात गेली. १९७५ मध्ये देशभर बालविकासाची योजना निघाली, तिला अंगणवाडी हे नाव शोभून दिसले. पण कोसबाडचे मर्म, पाय असलेली शाळा, तेवढे गळाले. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यातही एक शहाणी तरतूद होती. कामावर सहा वर्षांखालील पाच मुले आली की मजूर स्त्रियांपैकी एकीस त्यांना सांभाळण्यास बसवावे आणि तिला मजुरी पुरी द्यावी. फडावर हेच का होऊ नये? टोळीतलीच एक बाई, तिची मजुरी अभंग, सकाळपासून गरम जेवण, आठवड्यातून एकदा परिचारिकेची फेरी. यापेक्षा मोठा थाट आम्ही मागत नाही.

कारखानदार म्हणतील, हे मजूर आमचे नव्हेत, ते मुकादमाचे आणि वाहतूक ठेकेदाराचे. हे उत्तर आम्ही फार वर्षे ऐकत आलो आहो. ज्याच्या गव्हाणीत ऊस पडतो त्याचा तोडणाऱ्याशी संबंध नाही, हे कोणत्या न्यायाने? १९५० साली प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या डोळ्यांसमोर केवळ साखर नव्हती. सहकारी कारखान्यांभोवती पुढे शाळा, महाविद्यालये, इस्पितळे उभी राहिली, त्यांचा आम्हांस अभिमान आहे. परंतु ती उभी राहिली ऊस लावणाऱ्यांच्या मुलांसाठी. ऊस तोडणाऱ्यांच्या मुलांनी त्यांच्या कुंपणाबाहेर कोप्या घातल्या. सहकाराच्या इतिहासात हे पान कोरेच राहिले आहे.

पैशाचे म्हणाल, तर महामंडळासाठी गाळपाच्या दर टनामागे १० रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने द्यावे असे ठरलेले आहे. लाखभर टन गाळले तरी दोघांचे मिळून २० लाख होतात, आणि मोठे कारखाने एका हंगामात दहा-दहा लाख टन गाळतात. त्यातला काही वाटा त्याच कारखान्याच्या अड्ड्यावर पाळणाघरासाठी आणि शाळेसाठी खर्ची पडावा, तो इमारतींच्या आराखड्यांत अडकू नये. त्याच बरोबर उचल आणि मजुरी बायकोच्या नावे निम्मी लिहिली जावी, आणि आजारी मुलासाठी पडलेला खाडा दंडास पात्र धरू नये. शाळेचा प्रश्न तर कायद्यानेच सोडवलेला आहे. १ एप्रिल २०१० पासून जवळच्या शाळेत वयानुरूप वर्गात प्रवेश नाकारण्याची मुभा कोणास नाही. शाळेपर्यंत मुलास कोणी नेऊन पोचवावे, एवढेच शिल्लक आहे. आणि धाकट्याची झोळी दुसऱ्या कोणी हलवल्याखेरीज थोरलीचे पाऊल कोपीबाहेर पडणार नाही.

साखर आयुक्तांची कचेरी याच शहरात, शिवाजीनगरच्या साखर संकुलात आहे. शेतकऱ्याच्या उसाचे पैसे थकवले तर कारखान्याचा गाळप परवाना रोखून धरण्याचा शिरस्ता या कचेरीने पाडला, आणि तो योग्यच होता. तोच शिरस्ता तिने आणखी एक पाऊल पुढे न्यावा. परवान्याच्या अर्जासोबत कारखान्याने आपल्या हद्दीत येणाऱ्या टोळ्यांची, त्यांतील स्त्रियांची आणि सहा व चौदा वर्षांखालील मुलांची यादी द्यावी. पाळणाघर कोठे, सांभाळणारी कोण, शाळा कोणती, हे लिहून द्यावे. ज्याच्या अर्जात हे रकाने कोरे असतील, त्याच्या धुराड्यातून येत्या हंगामात धूर निघू देऊ नये.